काजळीच्या डाव्या बाजूनं

घोड्याजवळ जायचं ते डाव्या बाजूनं. हे ज्याला ठाऊक असतं, त्याला लोक जाणकार म्हणतात. आणि जाणकार होता म्हणूनच तो तरुण नालबंद बुधवारी सकाळी चिखलात बसला होता. टोपी एकीकडे, हातोडी दुसरीकडे आणि खिळ्यांचा डबा पार घोड्यांच्या चंदीच्या पिंपापाशी.

"लागलं का?" पागेच्या दारातून एक मुलगी विचारत होती. हातात खरारा, केसांत गवताची काडी.

"कुणाला? मला की डब्याला?"

"डब्याला. तुम्ही तर बोलताय, म्हणजे धड आहात."

तो उठला, पण कपडे झटकायचे विसरला. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. ती पुढे आली, घोडीच्या मानेवर हात ठेवला, आणि इतका वेळ थरथरणारी ती काळीभोर घोडी लगेच शांत झाली.

"नेहमीचे नालबंदकाका कुठे आहेत?"

"त्यांची कंबर धरलीय. आज सकाळीच मला म्हणाले, तू जा. एक घोडी जरा... खट्याळ आहे म्हणाले."

"खट्याळ नाही. हिचा डावा डोळा गेलाय, कुंपणाची तार लागून. तुम्ही डावीकडून का गेलात?"

"सगळे नालबंद डावीकडूनच जातात."

"आणि काजळी सगळ्यांनाच लाथ मारते. तुम्ही चौथे."

तो हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं, मग ओठांवर. हे धाकटीनं पाहिलं, आणि आपण पाहिलं हे त्याला कळू नये म्हणून ती जोरजोरात खरारा करू लागली.

खरी अडचण वेगळी होती. बाबांच्या पागेचा एक नियम होता: ज्या घोड्याच्या पायाला नाल ठोकता येत नाही, तो इथे राहत नाही. बिननालाची घोडी खडीच्या रस्त्यावर चार दिवसांत लंगडते, आणि इथे बसून खाणाऱ्याला जागा नव्हती. शनिवारी दुपारी व्यापारी ट्रक घेऊन येणार होता. काजळीची आई तिला जन्म देतानाच गेली होती. धाकटीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आदल्या संध्याकाळी जेवताना ती बाबांना म्हणाली होती, "काजळी गेली, तर मी पागेत पाऊल टाकणार नाही. उरलेले अकरा घोडे तुमचे तुम्हीच फिरवा."

"धमकी देतेस?"

"नाही बाबा. कळवतेय."

वहिनीनं हसू दाबायला पाण्याचा पेला तोंडाला लावला होता.

आता नालबंदानं धाकटीकडून हे सगळं ऐकलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "शनिवारपर्यंत चार नाल. करू."

"उजवीकडचे दोन कुणीही करेल. डावीकडचं बोला."

"बोलतो ना. कसं जायचं ते सांगा."

"बोलतच जायचं. तिला दिसत नाही, म्हणून माणूस कुठे आहे ते तिला सतत ऐकू आलं पाहिजे. हात अंगावर आणि आवाज कानावर. आवाज थांबला की... तुमचा डबा."

"पण मी फार बोलत नाही हो."

"मीही सुरुवातीला काय बोलावं म्हणून पाढे म्हणायचे."

म्हणून बुधवारी त्यानं पाढे म्हणत नुसतं डाव्या खांद्यावर हात फिरवला. गुरुवारी उजवीकडचे दोन्ही नाल बसले. शुक्रवारी डावा पुढचा खूर गुडघ्यांत धरून तो म्हणत होता, "सतरा सक एकशे दोन... सतरा साते..."

कान ताठ झाले. पाय आखडला.

"एकशे एकोणीस!" घोडीच्या पलीकडून धाकटी कुजबुजली.

"एकशे एकोणीस," तो घाईनं म्हणाला. "सतरा साते एकशे एकोणीस, काजळीबाई, माफ करा."

"शाळेत काय करत होतात?"

"खिडकीतून घोडे बघत होतो."

तापलेला नाल खुरावर टेकला आणि धूर झाला. त्या करपट, उग्र वासात दोघंही खोकत हसली. वहिनी चहा घेऊन आली, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, घोडीला नाल लागतोय ना? मग तुमचे गाल का तापलेत?"

"धूर आहे, वहिनी."

"असं होय... धूर."

शनिवारी एकच नाल उरला होता. डावा मागचा, सगळ्यांत अवघड. त्यानं पाढे म्हणत खूर मांडीवर घेतला आणि तेवढ्यात फाटकाशी ट्रकचा भोंगा वाजला. व्यापारी वेळेआधीच आला होता.

बाबा अंगणातून म्हणाले, "पुरे झालं. दोर सोडा."

धाकटी धावत गेली, फाटकाला कडी घातली आणि वर चढून बसली. "थांबतील ते. नाल ठोकून होईपर्यंत कुणी आत येणार नाही."

"खाली उतर!"

"उतरेन. घोडीच्या चारी पायांत नाल असले की."

बाबा लाल झाले. ट्रकमधला माणूस हसू लागला. "घोडीला पाढे शिकवताय काय?"

नालबंद अडखळला. एकोणीसचा पाढा त्याच्या डोक्यातून पार पळाला. मांडीवरचा पाय दगडासारखा झाला. हातोडी हवेत होती, चार खिळे बाकी होते... आणि काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"काजळी, ऐक," तो म्हणाला. एक खिळा बसला. "तुझ्या पागेत एक मुलगी आहे. केसांत नेहमी गवत असतं. तिला सांगावंसं वाटतं, पण मग वाटतं, राहू दे, छान दिसतं." दुसरा खिळा. "बुधवारी तू मला चिखलात पाडलंस ना, बरं केलंस. ती दारातून बाहेर आली." तिसरा. "आज तू गेलीस तर मला इथे यायला कारण उरणार नाही. म्हणून हलू नकोस, बाई. तुझ्यासाठीही आणि... माझ्यासाठीही."

चौथा खिळा. कानशीचे दोन हात. त्यानं पाय अलगद खाली ठेवला. वर बघायची मात्र त्याची छाती झाली नाही.

बाबा चालत आले. नाल पक्का बसला का, हे मालकानं स्वतः पाय उचलून पाहायचं, हाही पागेचा नियमच होता. ते सवयीनं डावीकडून, मुकाट्यानं गेले. काजळीचे कान मागे पडले.

"बाबा, बोला!" फाटकावरून धाकटी ओरडली.

"काय बोलू? पाढे विसरलो मी."

"काहीही बोला."

बाबांनी घसा साफ केला. घोडीच्या पाठीवर हात ठेवला. "काजळी," ते रागानंच म्हणाले, पण बोलत राहिले, "तुझ्या या नालबंदाला सांग, आमच्या मुलीबद्दल काही म्हणायचं असेल तर आधी बापाशी बोलावं."

घोडीनं निमूट पाय दिला.

"आणि काजळी," फाटकावरून आवाज आला, "बाबांना सांग, आधी मुलीशी बोलावं!"

वहिनीला आता पेलाही मिळाला नाही. ती मोठ्यानं हसली. बाबांनी नालावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग पाय खाली ठेवून ट्रककडे बघितलं आणि हात हलवला. "जा तुम्ही. घोडी विकायची नाही."

ट्रक वळेपर्यंत धाकटी फाटकावरच बसून राहिली. मग उडी मारून अंगणात आली. तो हत्यारं डब्यात भरत होता, एकेक खिळा मोजल्यासारखा. ती मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूनं गेली.

"सतरा साते?"

"एकशे एकोणीस." तो दचकला. "पाठ केलंय आता."

"पुढचे नाल कधी?"

"सहा आठवड्यांनी."

"सहा आठवडे कोण थांबणार?" तिनं केसांतली काडी काढली आणि त्याच्या टोपीत खोचली. "उद्या ये. आणि जे घोडीला सांगितलंस, ते मला सांग. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत... मी लाथ मारणार नाही."