पंगतीला न थांबणारा मध्यस्थ

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर क्रांती फोनवर जरा जोरातच बोलत होती. "सर, प्रोटीन आजपण हाती लागलं नाही!" विद्यापीठातली तिची पीएचडी त्या एका प्रोटीनपायी रखडली होती.

फोन ठेवला, तोच शेजारच्या धिप्पाड तरुणानं फेसाळ दुधाचा ग्लास तिच्यापुढं धरला.

"पावडरीच्या नादाला लागू नका, पावणं. ह्ये प्या. आमची आख्खी तालीम ह्येच्यावर उभी हाय."

तिला इतकं हसू आलं की पिताना ओठांवर दुधाची मिशी उमटली… त्यानं नजर वळवली, पण जरा उशिराच.

"अवो, माझं प्रोटीन डब्यात मिळत न्हाय. तुमच्या-माझ्या पेशीत असतंय. ईआयएफ-फाइव्ह-बी!"

"नाव हाय का गाडीचा नंबर?"

तो शिवाजी पेठेतला यशराज. टायरचं दुकान आणि तालमीच्या संघातला फुटबॉल, एवढंच त्याचं जग. पुढं संध्याकाळचं दूध रोजचंच झालं. क्रांतीला दुधाचा लहानपणापासून तिटकारा, पण प्रेमात माणूस काय काय पितो!

एके दिवशी तिला ग्लास देऊन तो स्वतः न घेताच उभा राहिला.

"मामीनं विचारायला सांगितलंय… तिच्या पोरासाठी, आमच्या सम्राटसाठी तुमी… पन्हाळ्याला नोकरी हाय. पोरगं चांगलं हाय."

क्रांतीनं ओळखलं. आता गप्प बसलं, तर निरोप घेऊन आलेला हा माणूसच हातचा जाणार होता.

"माझं प्रोटीन काय करतंय, सांगतो," ती म्हणाली. कोल्हापूरची मुलगी ती, 'सांगते' कशाला म्हणेल! "पेशीत प्रोटीन बनवायचं यंत्र असतंय, दोन तुकड्यांचं. धाकटा तुकडा सुरुवातीची जागा गाठून थांबतोय. माझं प्रोटीन थोरल्याची आन त्येची गाठ घालून देतंय. मग काम सुरू."

"आन ते सोता?"

"निघून जातंय."

"म्हंजे मध्यस्थ की! लगीन जमवून पंगतीला न थांबणारा…" यशराज कसंनुसं हसला. "माझ्यागत."

"त्येला जावंच लागतंय, न्हायतर पुढचं काम अडतंय. पण तुमास्नी… कुणी जा म्हटलंय?"

त्यानं चटकन वर पाहिलं.

"मग — मामीला काय सांगू?"

"सांगा, पोरगी मध्यस्थावरच भाळली."

यशराज कानापर्यंत लाल झाला. "थांबतो की मग पंगतीला," तो हळूच म्हणाला. "आन त्ये दूध ऱ्हाऊ दे आता. रोज नाक मुरडून पितायसा… बघतोय की मी."

क्रांतीनं ग्लास हसत त्याच्या हातात दिला.