बसा, घाई काय आहे

दिवा राहू दे, पण जरा बारीक कर. आणि तू गं, मोबाईल पालथा ठेव. मी सांगतोय ते माझ्या बाबतीत घडलेलं नाही, भिंतीपलीकडच्या चष्मेवाल्यांच्या बाबतीत घडलं. मी फक्त पाहिलं. आता तुमची काकू म्हणेल, तुम्ही काय पाहत नाही! असो. शेजारी असतात कशाला मग?

एका रविवारी सकाळी चष्मेवाले गझीबो घ्यायला निघाले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी चपला घातल्याच. गझीबो म्हणजे चार खांबांवर टोपी. सुट्या भागांचा खोका मिळतो, घरी आणून जोडायचा नि अंगणात त्याखाली बसायचं. त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची, फुप्फुसं बिघडली होती. दवाखान्यातून आल्या त्या अगदी हाडं मोजून घ्यावीत अशा. डॉक्टर म्हणाले होते, जितकं मोकळ्या हवेत बसवाल तितकं बरं, ऊन मात्र लागू देऊ नका.

दुकानदाराने आधी कापडी छताचा दाखवला. मी म्हटलं, हा पहिल्या वाऱ्यात माझ्या गच्चीवर येईल. लाकडी देखणा होता, पण त्याला दर वर्षी तेल पाजावं लागतं म्हणे. चष्मेवाले म्हणाले, "नको हो, घरात पेशंट एकच पुरे." शेवटी लोखंडी खांबांचा घेतला, दुहेरी छताचा. दोन छतांच्या फटीतून वारा निसटतो, म्हणून टोपी उडत नाही. सोबत दोन लोखंडी खुर्च्या.

चष्मेवाले म्हणजे माणूस लोण्यासारखा. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात गेला. दारात पाऊल वाजलं की मान वर न करता म्हणणार, "या, बसा." गिऱ्हाईक निघताना "येतो" म्हणालं, की पुन्हा मान खालीच, "या." तीच सवय घरी. एकदा भिंतीवरून मांजर उडी मारून आलं, त्यालाही "या, बसा." मांजर बसलं!

अंगणात सपाट जागा एकच, मागच्या फाटकाशी. तिथे जुना दगडी बाक होता. घराचे आधीचे मालक, एकटेच म्हातारे, संध्याकाळी फाटकाकडे तोंड करून त्यावर बसायचे. मी विचारायचो, "कोणाची वाट बघताय, आजोबा?" तर म्हणायचे, "निघायचंय मला. सोबत मिळाली की निघतो." गेले तेही त्या बाकावरच, बसल्या बसल्या. गवंड्याने तो बाक फोडला, तुकडे पायाच्या खड्ड्यात भरले, वर काँक्रीट ओतलं आणि त्यातच खांबांचे बोल्ट गाडले.

बोल्ट आधी नुसत्या हाताने आवळायचे. मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्यायची, सारखी आली की पाना चालवायचा. टेपचं एक टोक मी धरलं होतं. टोपी अशी बसली म्हणता!

पण नवा गझीबो पहिल्या वाऱ्यानंतर पुन्हा आवळावा लागतो. त्यासाठी एका संध्याकाळी चष्मेवाले शिडीवर चढले. वहिनी खाली खुर्चीत, शाल पांघरून. फाटकाची कडी वाजली. पावलं आली. चष्मेवाल्यांचे डोळे बोल्टात. म्हणाले, "या, बसा."

दुसरी खुर्ची करकरली.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "येतो."

"या," चष्मेवाले म्हणाले. कडी वाजली. मग त्यांनी खाली बघितलं. "कोण आलं होतं गं?"

"कुठे कोण?" वहिनी म्हणाल्या. "मघापासून तुम्हीच एकटे बडबडताय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. तो जाताना म्हणायचा येतो, हे म्हणायचे या. या म्हटल्यावर येणारच ना तो! इकडे वहिनी आणखी उतरल्या. त्या दुसऱ्या खुर्चीच्या बाजूचा हात बर्फासारखा पडायचा. बोलता बोलता फाटकाकडे बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "जरा लांबवर जाऊन यावंसं वाटतंय." ज्या बाईला बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागे, ती हे म्हणत होती.

चष्मेवाल्यांनी भिंतीशी येऊन मला सगळं सांगितलं. चेहरा पांढराफटक.

"अहो, मग जीभ आवरा की," मी म्हटलं. "तो येतो म्हणाला की सरळ म्हणा, जा!"

"जा? दारात आलेल्याला?"

"माणूस आहे का तो?"

"ते खरं हो, पण तोंडातून निघतच नाही."

हसू नका. हा गृहस्थ डासालाही म्हणेल, जरा बाजूला होता का.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेअकरा. वहिनींना धाप लागली. खिडक्या उघडल्या, पंखा लावला, श्वास पुरेना. त्या हातानेच दाखवत होत्या, बाहेर... बाहेर. चष्मेवाल्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि त्यांना उचलून गझीबोत आणलं. दुसरा इलाज नव्हता. दुसरी खुर्ची त्यांनी आधीच उलटी करून ठेवली. पाय वर.

आवाज ऐकून मी भिंतीशी गेलो होतो. गझीबोतला बल्ब लुकलुकला. गेला. चांदणं होतं, त्यामुळे दिसत होतं. चष्मेवाले वहिनींची पाठ चोळत होते.

कडी वाजली.

पावलं.

मी त्या खुर्चीकडे पाहिलं. सरळ होती.

करकर झाली. मग बराच वेळ काही नाही. वारा नाही. पान नाही...

"येतो."

चष्मेवाल्यांनी ओठ घट्ट मिटले.

"येतो..."

म्हणा. म्हणा जा. मी मनातल्या मनात ओरडत होतो.

मग तोच आवाज. शांत. जरासा खूशच.

"येतो आम्ही."

आम्ही.

आणि वहिनी उठल्या. आपल्या आपण. शाल गळून पडली. धाप नाही. काही नाही. एक पाऊल... आणखी एक... चष्मेवाल्यांनी दंड धरला, तर त्यांचीच पकड निसटली. त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही बाईंनी. फाटकाकडे चालल्या.

आता काय म्हणायचं? 'या' म्हणजे निरोप. 'जा' म्हटलं, तर दोघांनाही जा...

कडी उचलली गेली.

वहिनींनी हात पुढे केला.

चष्मेवाले ओरडले, "बसा! बसा हो... घाई काय आहे!"

वहिनी थांबल्या.

वळल्या. येऊन खुर्चीत बसल्या.

दुसरी खुर्ची करकरली.

...

हो, वाचल्या. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा श्वास सरळ चालला होता, डॉक्टरांनाही नवल वाटलं. आता चांगल्या हिंडतात फिरतात. बोलतात कमी, एवढंच. हाक मारली की उशिराने ओ देतात.

पण मी एक गोष्ट त्या रात्रीपासून घोळवतोय. चष्मेवाले बायकोला कधी अहोजाहो करत नाहीत. अगं, ये गं, बस गं. त्या रात्री नुसतं 'बस' म्हणाले असते, तर ते एकट्या वहिनींना लागू पडलं असतं. पण दुकानातली जीभ. एक काना जास्त पडला.

त्यानंतर फाटकाची कडी कधी वाजली नाही. काकू म्हणते, गेला तो. मी म्हणतो, बाहेर जाईल तेव्हा वाजेल ना?

परवा त्यांनी खांबांचा गंज खरवडून रंग दिला. लोखंडाला दर वर्षी द्यावाच लागतो. रंग ओला, म्हणून दोन्ही खुर्च्या रात्री बाहेर गवतावर काढून ठेवल्या. काल सकाळी मी उठल्याबरोबर भिंतीवरून पाहिलं. दव म्हणजे नुसतं पाणी पडलेलं. गवत भिजलेलं. शिडी भिजलेली. फाटक ठिबकत होतं.

त्याची खुर्ची कोरडी होती, रात्रभर कोणी बसून असल्यासारखी. ते एक वेळ मी समजलो.

वहिनींचीही कोरडी होती.

वहिनी रात्रभर आत झोपल्या होत्या. मी विचारलं.