चंद्रकळेखालचा अंधार

काळं कापड काय, कुठलंही चालतं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. नूपुरला विचारा! आख्खा पौष तिने एका काळ्या कापडापायी कोलकाता पालथं घातलं.

तिच्याकडे मोठा, लाकडी, भात्याचा कॅमेरा होता, तीन पायांवर उभा राहणारा. त्याच्या पाठीला दुधी काच. तिच्यावर समोरचं चित्र उमटतं, तेही उलटं, डोकं खाली आणि पाय वर. इतकं फिकं, की डोक्यावरून कापड घेऊन अंधार केल्याशिवाय दिसायचंच नाही. पण असं कापड मिळेल तर शपथ! एस्प्लनेडहून मखमल आणली, तर तिची लव झडून फिल्मवर बसायला लागली. छत्रीचं कापड सारखं घसरायचं. सियालदहच्या घाऊक बाजारातून पडद्याचं जाड कापड आणलं, त्याला रबराचा असा वास की आत डोकं भणभणायचं. संक्रांत उजाडली तरी बाई आपली रिकाम्या हाताने.

आणि घाई होती ती संक्रांतीचीच. लग्न होऊन नूपुर पुण्याहून इथे आली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. सलीलची ही दुसरी बायको. पहिली, सुनीती, आजारपणात गेली तेव्हा शर्वरी अगदी तान्ही नसली तरी कडेवरून न उतरणारी. आता शाळेत जात होती. पोरगी लाघवी, पण नूपुरला 'मावशी' म्हणायची. त्या एका हाकेसाठी नूपुरचा जीव तुटायचा. हलव्याचे दागिने घालून शर्वरीचा देखणा फोटो काढावा, तो भिंतीवर लागावा, येताजाता तिने पाहावा, हा कुणी काढला म्हणून विचारावं आणि कधीतरी, चुकून का होईना, 'आई' म्हणावं. एवढंच तिचं मागणं होतं.

"ट्रंकेत सुनीतीची चंद्रकळा आहे बघ," सलील बूट चढवता चढवता म्हणाला. खिदिरपूरला गोदीत कस्टम्सची नोकरी, सणालाही सुट्टी नाही. "नुसती पडून राहण्यापेक्षा कामाला येईल."

पुरुषांना काय हो, साडी म्हणजे कापड!

नूपुरला राहवेना. तिने नागपूरला सासूबाईंना, शैलाताईंना, फोन लावला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, अहेवपणी गेलेली बाई ती. तिच्या पहिल्या संक्रांतीची साडी. आधी कुंकू लाव, ओटी ठेव, तिला विचार. मगच डोक्यावरून घे."

"हो आई," नूपुर म्हणाली, आणि केलं काहीच नाही. रागच आला होता तिला. माझ्या घरात मी काय घ्यावं, काय ठेवावं, हेही तिलाच विचारायचं का?

साडी काळीभोर, लाल काठाची. प्रत्येक कापड धरून बघायची तशी नूपुरने ती खिडकीतल्या उन्हात धरली. जुनी, विरलेली. ऊन तिच्यातून चाळणीतून गळावं तसं गळत होतं. ही कसली अंधार करणार! तरी आणलीच आहे तर बघू म्हणून तिने घडी करून डोक्यावरून आणि कॅमेऱ्यावरून घेतली.

आत मिट्ट काळोख झाला. इतका, की डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही कळेना. रस्त्यावरचे हॉर्न, खालच्या मिठाईवाल्याची आरडाओरड, सगळं एकदम लांब गेलं. आणि वास आला. ट्रंकेतला नाही, डांबरगोळ्यांचा तर नाहीच. नुकत्याच केसांना चोपडलेल्या माक्याच्या तेलाचा.

"मावशी, मला नाही बसायचं. हा हार टोचतो," समोरच्या खुर्चीवरून शर्वरी कुरकुरली. काळा फ्रॉक, गळ्यात हलव्याचा हार, आणि अंगात नुसती वळवळ.

"झालंच हं, राणी."

डोळे सरावले तशी काचेवर शर्वरी उलटी लटकलेली दिसू लागली, खुर्चीसकट. नूपुर भिंग पुढेमागे करून चित्र स्पष्ट करू लागली. तेव्हा काचेच्या कडेला तिला एक चेहरा दिसला.

सुलटा!

तिने झटकन डोकं बाहेर काढलं. खोलीत खुर्ची, शर्वरी आणि ऊन. आणखी कुणी नाही. वेडी आहेस, तिने स्वतःला दटावलं. समोरचं सगळं उलटं दिसतं. सुलटं दिसेल ते काचेतलं प्रतिबिंब, म्हणजे काचेच्या अलीकडचं, कापडाखालचं. आपलाच चेहरा की तो! तिला हसू आलं. ती पुन्हा आत शिरली.

चेहरा होता. पण नूपुर बारीक टिकली लावायची... आणि या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

तिच्या गालाला कसलासा ऊबदार श्वास लागला. ती घाबरून कापडाची कड चाचपू लागली, ती सापडेना. आणि त्याच वेळी समोरची वळवळ थांबली. शर्वरी अगदी शहाण्यासारखी बसली, कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि म्हणाली,

"आई."

काय सांगू तुम्हाला! भीती कुठल्या कुठे पळाली. नूपुर कापड बाजूला सारून धडपडत बाहेर आली, डोळे भरून आलेले. "काय म्हणालीस, बाळा? पुन्हा म्हण ना."

शर्वरीने तिच्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर कॅमेऱ्यावरच होती. नूपुरने वळून पाहिलं. ती बाहेर आली होती, पण कापड खाली बसलं नव्हतं. आत कुणी वाकून उभं असावं तसं ते फुगलेलं होतं, आणि सावकाश हलत होतं.

नूपुर धावली ती पोरीपुढे, दोन्ही हात पसरून.

"मावशी, तू बाजूला हो ना," शर्वरी कुजबुजली. "आईला मी दिसत नाही."

नूपुरच्या तोंडून शब्द कसे आले, तिचं तिलाच ठाऊक नाही. "सुनीतीताई... चुकलं माझं. विचारायला हवं होतं. बघा तिला, हवं तेवढं बघा... पण नेऊ नका. माझंही दुसरं कुणी नाही हो."

कापड हळूहळू खाली बसलं.

शैलाताईंनी ऐकलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गंगेत सोडून ये." नूपुर साडी घेऊन घाटावर गेलीही. पायऱ्यांवर वारा बोचत होता म्हणून तिने ती खांद्यावर ओढली, आणि बोट धरून उभी असलेली शर्वरी तिला बिलगली. "आई, थंडी वाजते."

साडी परत आली.

खांद्यावरून उतरवली की 'मावशी', घेतली की 'आई'. नूपुरने खूपदा करून पाहिलं. आधी दुपारपुरती घ्यायची, मग संध्याकाळीही. कॅमेऱ्यावर तर ती पुन्हा कधी घातलीच नाही. आताशा ती खांद्यावर जरा जड लागते, झोपलेलं मूल घेतल्यासारखी.

परवा सलील चहा पीत बसला होता. "नूपुर, साखर दे गं," त्याने हाक मारली, दोनदा. ती खिडकीशी शर्वरीची वेणी घालत होती. तिने मान वर केली नाही.

"आई," शर्वरी म्हणाली.

"काय गं माझ्या ठकू?"

सलीलचा कप हातातच राहिला. "ठकू... हे नाव फक्त सुनीती... नूपुर, तुला कुणी सांगितलं हे?"

नूपुरने आठवून पाहिलं. आठवेना. तिने टिकली चाचपायला कपाळाला हात लावला, आणि बोटं लाल झाली.