पहिल्या बेसवरचा सत्याग्रह

"तिसरा स्ट्राइक पडला म्हणून लगेच मान खाली घालायची नाही. आधी मागं बघायचं. चेंडू कॅचरच्या हातात आहे का? नसेल, तर पळायचं. कोण काय ओरडतंय ते नंतर."

खेळ शिकवणाऱ्या कुमुद मॅडम निवृत्त होऊन साताऱ्याला गेल्या त्याला दोन वर्षं झाली होती. पण सॉफ्टबॉलची बॅट हातात घेतली की रंजिताला त्यांचाच आवाज ऐकू यायचा. रोज सकाळी देवापुढं दिवा लावावा, तितक्या नेमानं.

त्या रविवारी पनवेलच्या मैदानावर जिल्ह्याचा अंतिम सामना होता. जिंकलो तर पुढं राज्य स्पर्धा. आणि हरलो तर काय, ते रंजिताच्या बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं... बॅट माळ्यावर, आणि पुढच्या रविवारी उरणचं एक स्थळ बघायला येणार.

शेवटची इनिंग. एक रन कमी. दोघी बाद झालेल्या. निशा तिसऱ्या बेसवर, समृद्धी पहिल्या बेसवर, आणि बॅटिंगला रंजिता.

दोन चेंडू हुकून दोन स्ट्राइक झालेच होते, तिसरा पडला की बाद. पुढचा चेंडू ऐनवेळी खाली बसला, बॅट नुसती हवेत फिरली. तिनं मागं बघितलं — चेंडू पाठीमागं बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हला लागून जाळीकडे घरंगळत चालला होता.

ती पळाली. समृद्धी दुसऱ्या बेसकडे सुटली, निशा धापा टाकत घरच्या बेसवर पोचली, बरोबरीचा रन. रंजितानं पहिल्या बेसवर पाय रोवला आणि वळून बघितलं. पंचांची मूठ वर होती.

"बॅटर आउट. पहिला बेस रिकामा नव्हता. मॅच ओव्हर."

समोरच्या मुली नाचायला लागल्या. निशानं हेल्मेट काढलं. रंजिता मात्र बेसवरून हलली नाही.

पंच चालत तिच्याकडे आला. इंद्रजीत त्याचं नाव. नवीन पनवेलला राहायचा, आठवडाभर बँकेत, रविवारी मैदानावर. उन्हानं नाकाचा शेंडा लाल झालेला.

"मॅच संपलीय," तो म्हणाला.

"मी आउट नाही, सर." आवाज एवढा हळू, की त्याला वाकून ऐकावं लागलं.

"तिसरा स्ट्राइक सुटला तर बॅटरला पळता येतं, मान्य. पण पहिला बेस रिकामा असेल तरच."

"दोघी बाद असतील तर तो भरलेला असला तरी पळता येतं."

"मी पंचांची परीक्षा पास झालोय हो."

"मग पुस्तक असेलच तुमच्याकडे."

"स्कूटरच्या डिकीत आहे."

"मी थांबते."

तो हसला. ती हसली नाही. नव्या विमानतळावरून उठलेलं विमान डोक्यावरून घरघरत गेलं, तोवर दोघं तसेच उभे होते.

"गाव कुठलं तुमचं?"

"चिरनेर."

"जंगल सत्याग्रहवालं?" त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. "मग आणतोच पुस्तक."

त्याला यायला दहा मिनिटं लागली. एका हातात पुस्तक, पानात बोट. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि कागदात गुंडाळलेला वडापाव.

"संकष्टी आहे आज," ती म्हणाली. "पाणी चालेल."

त्यानं वडापाव मुकाट्यानं खिशात कोंबला. मग पान उघडून तिच्यापुढं धरलं. नाकासारखेच कानही लाल झाले होते आता.

"दोघी बाद असतील तर... बेस भरलेला असला तरी..." तो थांबला. "हा तुकडा मी विसरलो. पण असं का आहे हो? पाठ केलं, कारण कधी कळलं नाही."

पहिल्यांदाच ती किंचित हसली. "कॅचर लबाड असते, सर. बेस भरलेला असताना तिनं मुद्दाम चेंडू सोडला, तर बॅटर आणि बेसवरची, दोघींना पळावं लागेल, आणि ती एका फेकीत दोघींना बाद करील. म्हणून तेव्हा पळायचंच नाही, बॅटर सरळ बाद. पण दोघी आधीच बाद असल्या, तर इनिंग संपवायला तिला एकीलाच बाद करायचं असतं. फसवून मिळणार काय?"

"कुणी शिकवलं?"

"मॅडमनी. नियम पाठ नाही करायचा, तो कुणाला वाचवतो ते बघायचं, म्हणायच्या."

तो तिच्याकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ. तिनं बुटाच्या टोकानं बेसवरची माती झटकली.

तेवढ्यात स्पर्धेचे एक वडीलधारे पंच तिथं आले. त्यांनी इंद्रजीतच्या खांद्यावर हात टाकला. "निकाल जाहीर झालाय, आता त्यांच्या तक्रारीवर लिहून वगैरे देऊ नकोस. राज्याच्या पॅनलवर नाव लागतंय तुझं. पोरी आहेत, समजावून घरी पाठव."

"यांना समजावायचं? मलाच आत्ता यांनी समजावलं," इंद्रजीत म्हणाला, आणि तिथंच, बेसशेजारी मातीत मांडी घालून बसला. गुडघ्यावर कागद ठेवून त्यानं लिहिलं... नियम लावताना माझी चूक झाली. खाली ठसठशीत सही.

"आता तरी उतराल?"

"तारीख राहिली, सर."

त्यानं तारीख घातली. तेव्हा कुठं रंजितानं बेस सोडला.

बुधवारी दुपारी फोन आला.

"इंद्रजीत बोलतोय. नंबर तुमच्या फॉर्मवरून घेतला. ही दुसरी चूक."

"हीसुद्धा लिहून द्यावी लागेल."

तो हसला. "तुमची तक्रार मान्य झाली. निशाचा रन धरला, बरोबरी झालीय. रविवारी दहा वाजता, जिथं थांबलो तिथूनच पुढं खेळायचं. तुम्ही पहिल्या बेसवर."

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"आनंद नाही झाला?"

"रविवारी दहालाच मला बघायला येतायत... बाबांनी शब्द दिलाय. त्यांना वाटतं आम्ही हरलो."

तो म्हणाला, "त्या दिवशी मी पंच नसणार. वर्षभर पंचांच्या यादीतून नाव काढलंय."

"माझ्यामुळं."

"माझ्या चुकीमुळं. तुमच्यामुळं ती कळली. आणि एक सांगू? पंचाला कुणा एकीकडे बघत बसता येत नाही. टाळ्या वाजवता येत नाहीत. मला आता — येतील." तो अडखळला. "तुम्ही याल ना? मॅचसाठी या. माझं नंतर बघू."

रंजितानं डोळे मिटले. ती शब्द सहसा देत नसे. दिला, की तो तिच्या चतुर्थीसारखा व्हायचा. मोडायचा नाही.

"येईन. आणि मॅच झाली की तुमचंही बघू, इंद्रजीत."

पहिल्यांदाच तिनं सर म्हटलं नव्हतं.

रविवारी सकाळी चिरनेरच्या घरात नारळ खोवल्याचा वास होता. आई पोह्यांच्या तयारीला लागलेली. रंजितानं देवापुढं दिवा लावला, नमस्कार केला, आणि पदर-बिदर काही न घेता ट्रॅक पँटमध्ये, खांद्यावर बॅग टाकून ओटीवर आली.

धर्मराज घरत कडक इस्त्रीच्या शर्टात खुर्च्या मांडत होते. "कुठं चाललीस गो? मंडली यायची हायेत."

"मॅच हाय, बाबा. दहाला."

"ती तर हरलात तुमी."

"नाय. मी आउट नव्हते. पंचांनी लिहून दिलाय."

"तुज्या जागी दुसरी पलेल."

"बेस मी धरलाय."

"आमी शब्द दिलाय त्यांना, रंजू."

"मला न इचारता दिलात." आवाज नेहमीसारखाच हळू. "मी पन एक दिलाय. मला इचारून."

"कोनाला?"

"ज्यांनी सगल्यांसमोर मातीत बसून चूक कबूल केली, त्यांना. इंद्रजीत नाव. आज मॅच झाली की तुमाला सगला सांगीन, काय पन लपवनार नाय."

धर्मराजांच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. रंजिता ओटीच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती.

"बाबा, दर सप्टेंबरात हुतात्म्यांच्या स्मारकाजवल तुमी पोरांना सांगता, गोल्या चालल्या तरी आपला गाव हटला नाय. मी पयल्या रांगेत बसून ऐकलाय. दर वर्षी."

आतली खवणी थांबली. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं रंजिताच्या बॅगेत पाण्याची बाटली ठेवली.

धर्मराजांनी खिशातून फोन काढला, उगाच चष्म्यावर फुंकर मारली. "मंडलीना सांगतो... चार वाजता या."

"चारला पन नको, बाबा."

ते तिच्याकडे बघत राहिले. फोन कानाला लागला नाही, खिशातही गेला नाही.

रंजितानं त्यांच्या पायांना हात लावला आणि अंगण ओलांडलं. पनवेलची गाडी यायला अजून सात मिनिटं होती, आणि थांबा समोरच दिसत होता. ती पळाली नाही. बॅट सावरत, एकेक पाऊल टाकत, चालतच निघाली.