खड्ड्याले पाणी

बस व पौर्णिमा, लाइट येईपर्यंत सांगते. इन्व्हर्टरही बंद पडला आहे. चहा गॅसवर झाला, एवढं नशीब.

ही चार्जिंगची गाडी मी आईसाठीच घेतली, तुले माहीत आहे. ती अकोल्याले, मी अमरावतीले. लकव्यानं तिचा उजवा पाय गेला, बोलणं गेलं. "आली?" एवढा एकच शब्द उरला होता. आशाबाई दिवसभर तिच्यापाशी राहे, पण रात्रीचं जेवण आई माझ्याच हातचं खाई. मी नाही गेली का उपाशी. इकडे चल म्हटलं का डोळे मिटून घे. म्हणून ऑफिस सुटलं का अकोला, तिले भरवलं का परत. घरी येईपर्यंत गाडीची बॅटरी संपलेली, अन् माझीही.

आधी मी गाडी फ्रिजच्या प्लगवर लावायची, खिडकीतून वायर टाकून. गाडी चार्ज होई, दूध नासे. शेवटी धर्मपाल इलेक्ट्रिशियनले बोलावलं. त्यानं वेगळी लाइन ओढली, अर्थिंगसाठी अंगणात खोल खड्डा खोदला, त्यात मीठ अन् कोळसा भरला.

मी म्हटलं, "कोणाले पुरून राहिले, दादा?"

तो हसला नाही. "ताई, आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते. रोज बादलीभर पाणी टाकत जा. खड्डा तहानेला राहिला का चार्जरवर लाल दिवा लागंन, गाडी भरणार नाही."

चार दिवस टाकलं. मग काय, मी परत येऊन चपलेसकट सोफ्यावर झोपणारी बाई. सकाळी आठवण झाली का धावत जायची. तर खड्डा ओला, दिवा हिरवा, गाडी फुल. नवरा रात्रपाळीवरून येऊन टाकत असंन, असं समजून मी किशोरचे मनातल्या मनात आभार मानले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

एक दिवस तोच म्हणाला, "पाणी टाकतं ते ठीक आहे. पण फरशी काहून भरवतं चिखलानं?"

खड्ड्यापासून फाटकापर्यंत डाव्या पायाचं पाऊल होतं. बाजूले काहीतरी फरपटल्याची रेघ. परत डावं पाऊल. परत रेघ...

मी फरशी पुसली अन् ऑफिसले गेली. सुट्टी शिल्लक नव्हती.

त्या संध्याकाळी अकोल्याले आशाबाईनं मले दारातच थांबवलं. हळूच म्हणाली, "ताई, बाईले तुमी रात्री... कुठं नेता काय?"

"ती पलंगावरून हलते काय, आशाबाई?"

"मंग हे पाहा..."

तिनं चादर वर केली. आईच्या डाव्या पायाच्या तळव्याले काळा चिखल, ओला. उजव्या अंगठ्याचं नख घासून गेलेलं. खोलीत मीठ-कोळशाचा तो ओला वास. आई माझ्याकडंच पाहून राहिली होती.

"आली?"

काय करणार? "आली, आई," म्हटलं अन् वरण-भात कालवायले घेतला.

गेल्या महिन्यात ती गेली. जलदान विधीत भंतेजी भांड्यात पाणी ओतून राहिले होते, अन् माह्या डोळ्यासमोर बादली. तेव्हापासून गाडी जागची हलली नाही. वायर गुंडाळून खिळ्याले टांगली. खड्ड्यात थेंब टाकला नाही.

आज सकाळी खड्डा ओला होता. वायर गाडीले लावलेली. अन् पावलं, आता फाटकाकडं नाही जात व. खड्ड्यापासून गाडीपर्यंत जातात, माह्या शेजारच्या सीटच्या दारापाशी. परत फिरलेलं एकही नाही...

काय? नाही, लाइट नाही आली अजून. सगळी गल्ली अंधारात आहे. तो हिरवा उजेड चार्जरचा... पण लाइट नसताना तो कसा...

अशी काहून पाहतं, पौर्णिमा? तूच विचारलं ना आता, "आली?" म्हणून?