उंबऱ्याबाहेरची नोनिया

"आत या ना. भिजताय कशाला?"

नोनियाने मान वर केली. बाहुल्यांच्या दुकानात एक तरुण उभा होता. कोपरापर्यंत चिखल, डोक्यावर सणाची लोकरी टोपी, आणि हसू असं की समोरच्याने उगाच लाजावं. संध्याकाळच्या पावसाने रोमच्या सुबुरा वस्तीतली अख्खी गल्ली पळवून लावली होती. तिची चप्पल तुटल्यामुळे ती तेवढी मागे राहिली होती.

"नको. मला पाऊस आवडतो."

"डिसेंबरातला?"

"डिसेंबरातला तर... फारच." तिच्या नाकावरून थेंब ओघळला.

तो उंबऱ्याच्या आतल्या बाजूला स्टूल ओढून बसला आणि हात पुढे केला. तिने मुकाट्याने चप्पल दिली. वादी शिवताना तो एकदा सुईकडे बघे, दोनदा तिच्याकडे. सुई बोटात घुसली. रक्ताचा एक टपोरा थेंब आला आणि नोनियाने घाईघाईने पलीकडच्या भिंतीकडे तोंड फिरवलं.

"रक्त बघवत नाही वाटतं तुम्हाला?"

"हो," ती भिंतीला म्हणाली. "अजिबात नाही."

एवढं धडधडीत खोटं ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. नोनियाचं घराणं निशाचरांचं, रक्तावर जगणाऱ्यांचं. सूर्य मावळला की उठायचं, गुरांच्या बाजारातल्या खाटकाकडून ताजा घडा आणायचा, आणि चार घरांत बसतात तसं बसून एकमेकांची उणीदुणी काढायची. नोनिया एकोणीस वर्षांची होती. गेली साठ वर्षं एकोणीसचीच होती. माणसांच्या रोममध्ये कायदे काय कमी होते? पण निशाचरांचे त्याहून जास्त, आणि ते सगळे हेरेन्निया आत्याला तोंडपाठ. आत्या रोमवर राजे होते त्या काळातली. सेनेट आपल्या डोळ्यांसमोर रांगायला लागली, असं ती येईल त्याला ऐकवायची. जेवताना दात दाखवायचे नाहीत. थोरल्यांच्या आधी घोट घ्यायचा नाही. लेकराबाळांच्या वाटेला जायचं नाही.

आणि सगळ्यांत वरचा कायदा उंबऱ्याचा. घरधन्याने, आपण कोण आहोत ते ऐकून, मनापासून बोलावलं तरच आत जायचं. हा कायदा कुठे कोरून ठेवलेला नव्हता, तो पायांतच मुरलेला होता. बोलावणं खरं नसेल तर पाय उचलतच नसे. एकदा आत गेलं की त्या घरातल्या कुणाच्याही रक्ताला जन्मात शिवायचं नाही. आणि आपलं खरं सांगूनही सण संपायच्या आत बोलावणं मिळालं नाही, तर त्या गल्लीत पुन्हा तोंड दाखवायचं नाही.

म्हणून नोनियाने काहीच सांगितलं नाही. चप्पल पायात घातली आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा हजर झाली.

त्याचं नाव साबेलूस. सणात एकमेकांना मातीच्या बाहुल्या द्यायची रीत, त्यामुळे दुकानात झुंबड असे. तरीही नोनिया दिसली की तो स्टूल उंबऱ्याशी ओढायचा. तो आत, ती बाहेर. मधून गरम मधाच्या दारूचा वास यायचा, भट्टीची ऊब यायची. तो रोज आत या म्हणे आणि ती रोज नवं कारण काढी. आज उपास आहे. आज डावा पाय दुखतोय. आज घुबड ओरडलं.

"घुबडाने काय नेमकं माझंच दुकान सांगितलं?"

"नाव नाही घेतलं. पण मातीने माखलेला, फार बोलणारा... असं काहीतरी म्हणालं."

तो हसला, पण हसू लवकर विझलं. "मोठ्या घरच्या आहात तुम्ही. तुमच्या आत्याबाई बाहेर पडल्या की पालखीचे पडदे घट्ट ओढलेले असतात, मी पाहिलंय. माझ्या असल्या दुकानात पाऊल टाकायची लाज वाटते, एवढं सरळ सांगा की."

लाज? ज्या उंबऱ्यापलीकडे जायला नोनियाचा जीव तुटत होता, त्याची? "तसं नाही," ती पुटपुटली.

"मग एवढं करा, हलू नका. तुमच्या चेहऱ्याची बाहुली करतोय."

ती खरोखरच हलली नाही. श्वाससुद्धा घेतला नाही, अर्थात तो घ्यायची तिला सवय नव्हती. साठ वर्षांत चांदीच्या कुठल्याही आरशाने तिला तिचा चेहरा दाखवला नव्हता. निशाचरांचा आरशाशी अबोलाच असतो. आत्या सांगायची, तुझं नाक सरळ आहे, देवीसारखं. नोनिया त्या भरवशावर जगत आली होती.

त्याची बोटं मातीवर फिरत होती आणि नजर तिच्या गालांवरून. नोनियाला वाटलं, आता लपवलं तर आपण चोर ठरू. तिने सांगून टाकलं. घडा, खाटीक, साठ वर्षं, दात, कायदा, सगळं.

साबेलूसच्या हातातली माती तशीच राहिली. मग त्याने विचारलं, "म्हणून भिंतीकडे बघत होता त्या दिवशी?"

"हो."

"आणि मला वाटलं, मी आवडत नाही तुम्हाला." त्याने दीर्घ श्वास सोडला. "आत या, नोनिया."

तिने पाय उचलला. म्हणजे उचलायला गेली, पण पाय जमिनीला खिळून राहिला. तिने दुसरा उचलून पाहिला, तोही हलेना. साबेलूसने पुन्हा बोलावलं, मग पुन्हा, आवाज खाली खाली जात गेला. नोनियाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे हे मनापासूनचं नव्हतं. तोंडाने या म्हणतोय, आतून घाबरलाय. घाबरणारच की! ती वळली आणि चालू लागली.

सणाची शेवटची संध्याकाळ. सणात माणसांकडे मालक गुलामांना वाढत, तसे निशाचरांकडे थोरले धाकट्यांना वाढायचे, त्यामुळे आत्या कमरेला फडकं बांधून, तोंड वाकडं करून पेले भरत होती. नोनियाने आपला पेला तसाच ठेवला आणि हमसून हमसून रडत सगळं सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"दुकान कुणाचं?"

"त्याचंच."

"त्याने सांगितलं तसं?"

"सांगायला कशाला हवं? दुकानात तोच असतो, टोपी घालून..."

"अगं खुळे, ती टोपी एरवी गुलामगिरीतून सुटलेल्याच्या डोक्यावर असते आणि सणात सगळ्यांच्याच. मालकाच्याही आणि गुलामाच्याही. सणात कोण कोणाचा मालक, हे टोपीवरून कळतं होय?"

नोनिया पूर्ण ऐकायला थांबलीच नाही. सुबुरापर्यंत ती भर पावसात अशी धावली की शिवलेली वादी पुन्हा तुटली.

दुकानामागच्या घरात पंगत बसली होती. साबेलूस दुकानाच्या दाराशीच होता, जणू तिथेच मुक्काम ठोकून.

"हे घर कुणाचं?" तिने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

तो खाली बघू लागला. "विबियस मालकांचं. आणि... मीही त्यांचाच. विकत घेतलेला. तुम्ही मोठ्या घरच्या, म्हणून बोललो नाही. वाटलं, कळलं तर याल कशाला पुन्हा?"

त्याचा गुन्हा ऐकून इतका आनंद कुणाला झाला नसेल. "म्हणजे बोलावणं मनापासून होतं?"

"मी रात्रंदिवस दुसरं काही मनात आणलंच नाही."

तेवढ्यात म्हातारा विबियस हातात सांज्याचं पातेलं घेऊन जाताना दिसला. साबेलूसने त्याला अडवलं, या मुलीला आत बोलवा म्हणून गयावया केली. विबियसने मान हलवली. "मला काय विचारतोस? आज मी वाढपी. घर आज राजाचं, त्याला विचार."

फासे टाकून एका दिवसापुरता निवडलेला सणाचा राजा म्हणजे स्वयंपाकीण दोर्का. डोक्यावर पानांचा मुकुट घालून ती पहिल्यांदाच आयतं जेवत होती. साबेलूस तिच्या कानाशी लागला. दोर्काने दाराकडे, म्हणजे भिजलेल्या, एका पायात चप्पल असलेल्या नोनियाकडे नीट निरखून पाहिलं. मग मुकुट काढून त्याच्या टोपीवर चढवला. "घे राज्य. पण माझं सॉसेज कुणी उचललं तर लढाई होईल."

साबेलूस उंबऱ्याशी आला. मुकुट एका कानावर घसरला होता. आजवर ती त्याला 'तुम्ही' होती.

"आत ये, नोनिया," तो म्हणाला. "तू ये."

तिचा पाय आपोआप उचलला गेला. पुढच्याच क्षणी ती आत होती, त्याच्या इतकी जवळ की चिखलाचा आणि धुराचा वास यावा. पंगतीतून कुणीतरी हळहळलं, डावा पाय आधी टाकला, अपशकुन! विबियसने पातेलं खाली ठेवलं.

"दार लावा, वारा येतोय," तो कुरकुरला. आणि जाता जाता, अगदी सहज, "साबेलूस, सण संपला तरी ती टोपी काढू नकोस. राहू दे डोक्यावर, कायमची. उद्या साक्षीदार घेऊन येतो."

साबेलूसने फळीवरून भाजून तयार झालेली बाहुली काढली आणि नोनियाच्या हातात ठेवली. साठ वर्षांनी तिने आपला चेहरा पाहिला.

"माझं नाक एवढं बसकं आहे?"

"आहे. मला फार आवडतं."

"आत्या खोटारडी आहे," नोनिया म्हणाली, आणि हसता हसता तिचे दात दिसले. तिने पटकन तोंडावर हात नेला. त्याने तो हळूच बाजूला केला.

"आता कायद्याने तू मला कधीच चावणार नाहीस ना?"

"कधीच नाही."

"वाईट वाटतंय?"

"थोडंसं," ती म्हणाली, आणि त्याच्या बोटावरच्या, सुईच्या जुन्या खुणेवर ओठ टेकवले.