चौथं इंजिन

मी गेले होते ती नुसता डबा द्यायला. डब्यात खारवलेले हेरिंग मासे, उकडलेले बटाटे, आणि वर फडक्यात गुंडाळलेला गरम बोनॅग पाव. पोरगा सकाळपासून फिन्लोच्या गॅरेजात होता, आणि फिन्लोकडे खायला म्हणाल तर काळा चहा आणि शिव्या.

फिन्लोचं गॅरेज म्हणजे पील बंदरातलं मासे धुरवायचं जुनं घर. तो धंदा बसला, तेव्हा त्यानं आत गाड्या आणल्या. पण वासे अजून काळेकुट्ट, मासे टांगायचे आकडे तसेच, आणि भिंतीला हात लागला की बोटांचा धुराचा वास लवकर जात नाही. त्या दुपारी आमच्या समुद्रदेवानं, मॅनॅननबाबानं, बेटावर आपलं घोंगडं ओढलं होतं. धुकं असं, की माझीच पावलं मला मागून आल्यासारखी ऐकू येत होती. समुद्र दिसत नव्हता. नुसता श्वास घेत होता.

आत इंजिन काढायची तयारी झालेली होती, आणि दोघं भांडत होते.

गाडी माझ्या दिराची, ऑरीची. लाल, दोन माणसांची, छत मागं टाकता येणारी. वडिलांचं शेत थोरल्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला मिळालं, त्या रागात त्यानं ती घेतली. तो राग त्यानं मरेपर्यंत जपला, गाडीसारखाच, पुसून पुसून. माझा इल्लियम पाळण्यात होता, तेव्हा एकदा वाकून बघितलं न् म्हणाला, "हं. आणखी एक." पोराशी बोललेला तेवढाच.

मग एका सकाळी डोंगररस्त्याच्या वळणावर ऑरी गाडीत बसलेला सापडला. हात स्टिअरिंगवर, डोळे उघडे, अंग गार. गाडीला ओरखडा नाही. इंजिन चालू. आणि गाडी त्यानं ठेवली कुणाला, तर इल्लियमला! ज्याचं तोंड बघवत नव्हतं त्याला! मी तेव्हाच म्हटलं, हे देणं नव्हे, यात काहीतरी घ्यायचं आहे.

ऐकतोय कोण? पोरानं त्या गाडीवर जीव टाकला. आणि त्याच वळणावर, एकदा नाही दोनदा, गाडीनं आपणहून वेग घेतला. पाय उचललेला होता तरी. दुसऱ्या खेपेला पुढचं चाक कड्याबाहेर लोंबत होतं. "इंजिन म्हातारं झालंय, आई," तो म्हणाला, "अडकतं कधीकधी." म्हातारं माणूस मला माहीत नाही का? म्हातारं अडखळतं. झेप घेत नाही.

मी मग रोवनच्या झाडाच्या दोन काटक्या हातानं मोडल्या आणि मेंढीच्या लोकरीनं त्यांचा क्रॉस बांधला. मे लागायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तो दारावर लावतो, गोठ्यावर लावतो. वाईट ते बाहेर राहतं. फक्त त्याला लोखंड लागता कामा नये. आता गाडीत लोखंडाशिवाय असतं काय? शेवटी पुढचं झाकण उघडून एका रबरी नळीला बांधला. तेव्हापासून वळणावर काही झालं नाही. पण माझ्या मनाला स्वस्थता नव्हती. मला ते इंजिनच नको होतं. काढ आणि समुद्रात टाक, हा माझा रोजचा धोशा. कंटाळून पोरगा हो म्हणाला, पण त्याचं मन होत नव्हतं.

"हे मूळ इंजिन आहे," तो फिन्लोला म्हणत होता. "हे गेलं की काय राहिलं? लाल पत्रा."

"मग राहू दे ना," फिन्लो म्हणाला. "मी पहिल्यापासून सांगतोय. बदलून उपयोग नाही."

"मग त्या खोक्यात दुसरं इंजिन कशाला आणून ठेवलंत?"

"तुझ्या आईनं डोकं खाल्लं म्हणून!"

"असतं तर खाल्लं असतं," मी दारातून म्हणाले. "फिन्लो, तुला तुझ्या मेलेल्या दोस्ताची आठवण जपायचीय. मला माझं जितं लेकरू जपायचंय. काढ ते."

"ब्रीशा, तू यात पडू नकोस."

"काढ म्हणते ना!"

त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं. मग बाजूला थुंकला आणि कामाला लागला. एक नळी चिकटून बसली होती. त्यानं खिशातला चाकू काढला, सवयीनं, आणि ती कापली. साखळी खडखडली. इंजिन हळूहळू वर आलं आणि माशांच्या आकड्यांखाली झुलायला लागलं.

चाकू मिटताना फिन्लो थबकला. पात्याला पांढरी लोकर चिकटली होती.

"ब्रीशा... हे काय बांधलं होतंस?"

बेटावरचाच माणूस तो. क्रॉसला लोखंड लागलं म्हणजे काय, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात आवाज यायला लागला. टक्... टक्... तापलेलं लोखंड निवताना करतं तसा.

"इंजिन निवतंय," इल्लियम म्हणाला.

"आठवडाभर चालू केलेलं नाही ते," फिन्लो हलकेच म्हणाला.

मी लटकत्या इंजिनावर तळवा ठेवला. हेरिंगच्या पोटासारखं गार, ओलसर. आवाज तिथून नव्हताच. आमच्या पाठीमागून होता.

गाडीचं झाकण उघडं, खाली भलंमोठं भोक. लोंबणाऱ्या तारा थरथरत होत्या. त्या भोकातून ऊब आली, पेट्रोलचा वास आला, आणि मग ती घरघर. खालच्या सुरात, दमानं. झाकणाला लावलेली दांडी किणकिणायला लागली. रिकाम्या गाडीत इंजिन चालू होतं.

"आई..." इल्लियम हसत होता. तसं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. "ऐक ना... किती सुरेख चाललंय..."

आणि तो वाकला. मान आत, खांदे आत, कान लावून ऐकत, आणखी खाली...

डबा टाकून मी त्याचा पट्टा धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून मागं पडले. तो माझ्या अंगावर आला. त्याच क्षणी झाकण खाली आदळलं. त्याची टोपी आत राहिली. घरघर एकदा चढली, रागानं पाय दाबावा तशी, आणि बंद झाली.

मग फिन्लो तिथंच जमिनीवर बसला.

"ऑरीही हेच म्हणायचा. इंजिनात कुणीतरी आहे, बदल. मी बदललं. मग तेही बदललं. हे लटकतंय ते तिसरं आहे, पोरा. मूळ कधीच गेलं."

"आणि हे आम्हाला सांगितलं नाहीस?" मी म्हणाले. "तुझी जीभ झडली होती?"

"त्यानं शपथ घातली होती..." फिन्लोचा आवाज बसला. "म्हणाला, सांगू नकोस. पोराला गाडी आवडू दे आधी."

चौथं इंजिन त्या गाडीत गेलं नाही. फिन्लोनं ते एका कोळ्याला नावेसाठी देऊन टाकलं आणि गॅरेज बंद केलं. गाडी अजून तिथंच आहे, इंजिनाविना, कुलपात. भंगारात घाला म्हणते मी, तर इल्लियम म्हणतो, नको, राहू दे. एवढंच म्हणतो, आणि खिडकीबाहेर बघत बसतो.

अधूनमधून मी जाऊन फटीतून नजर टाकते. ऑरी बुटका. त्याची सीट कायम पार पुढं ओढलेली, नाहीतर पाय पोचायचे नाहीत. इल्लियम चालवायचा तेव्हा ती मागं घ्यायचा, पण कुलूप लावताना फिन्लोनं दोस्ताच्या आठवणीनं परत पुढं ओढून ठेवली होती. काल गेले तर ती चालवणाऱ्याची सीट मागं सरकवलेली. शेवटापर्यंत. लांब पायांच्या माणसाला लागते तशी. माझा इल्लियम ताडासारखा उंच. घरी येऊन त्याला विचारलं. त्या दिवसापासून त्या गॅरेजात पाऊल टाकलं नाही म्हणाला, आणि ते खरंच असणार, कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात आहे.

त्याला दुसरं काही मी सांगितलं नाही. शेजारची सीट पुढं ओढलेली होती. पार पुढं.